बटणावरचा हिरवा दिवा

"मला," लॅपटॉप म्हणाला आणि पुढे गप्प. वाचातज्ज्ञ बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

आजारपणात बाबांची वाचा गेली, हातपाय गेले. राहिला तो डाव्या हाताचा अंगठा. लॅपटॉपच्या पडद्यावर अक्षरं एकामागून एक उजळतात. हवं ते आलं की बाबा हाताखालचं मोठं लाल बटण दाबतात आणि शब्द पुरा झाला की लॅपटॉप तो कुठल्याशा बाईच्या आवाजात बोलतो. सुरुवातीला बाबा त्या गोड आवाजात दादाला ऊठसूट "गाढवा" म्हणायचे. दादा नुसता खूश! अलीकडे मात्र "मला"च्या पुढे गाडी जाईना. पाणी हवंय? पांघरूण? खिडकी लावू? आम्ही विचारत राहायचो आणि बाबांचा चेहरा लालबुंद व्हायचा.

बटण दवाखान्याचं. बाबांना ते झेपत नसेल तर दुसऱ्या पेशंटला द्यायचं, हे ठरवायला बाई आज आल्या होत्या. म्हणजे यापुढे बाबा कायमचे मुके.

"एकाच शब्दावर अडकणं चांगलं लक्षण नाही," बाई हळूच म्हणाल्या. "बुद्धीवरही परिणाम होतो हो कधीकधी."

लॅपटॉप दादाचा. घरी साबण करून विकतो, त्याचा सगळा कारभार याच्यावरच. लॅपटॉपला भोकं दोनच. एकात चार्जर, दुसऱ्यात बाबांचं बटण. मग आला माउस, मग स्टिकर छापायचा छोटा प्रिंटर. दादाने बोटभर लांबीची, चार भोकांची एक पट्टी आणून लॅपटॉपला लावली आणि बटणासकट सगळं तिच्यात खोचलं. "एका भोकात अख्खं घर बसवलं बघ!" मी म्हटलं होतं, घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. पण सगळं चालायला लागलं, म्हणून मीही गप्प बसले.

"एकदा शेवटचं पाहू," म्हणत बाईंनी बटण बाबांच्या तळव्याखालून जरा पुढे ओढलं. त्याच्या कडेला एक बारीक हिरवा दिवा होता. एरवी तो हाताखाली झाकलेला असायचा.

बाबांनी पुन्हा अक्षरं वेचली. "मला," लॅपटॉप म्हणाला. तेवढ्यात दादाच्या मोबाइलवर साबणाची ऑर्डर आली, प्रिंटर आपोआप गुरगुरला आणि त्यातून स्टिकर बाहेर आलं.

हिरवा दिवा विझला.

बाबांचा अंगठा बटणावर आपटत होता. पडद्यावरून अक्षरं सरकत होती, एकही उचललं जात नव्हतं. प्रिंटर थांबला, दिवा लागला आणि पडदा कोरा होऊन सगळं पहिल्यापासून सुरू झालं.

मी प्रिंटरकडे बोट दाखवलं.

"दादा, अजून एक स्टिकर काढ."

"आता? अगं, इथे काय चाललंय..."

"काढ म्हणते ना!"

प्रिंटर गुरगुरला. दिवा विझला. दादाचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. त्या एवढ्याशा पट्टीत सगळ्यांना पुरेल एवढी वीज येणार कुठून? प्रिंटर सगळी ओढून घ्यायचा आणि बाबांचं बटण मरायचं. दिवसभर ऑर्डरी येत होत्या आणि दर ऑर्डरीला आम्ही बाबांचं तोंड दाबत होतो. वर त्यांच्याच डोक्यावर संशय! चोर सोडून संन्याशाला फाशी. मला रडू येत होतं आणि दादाच्या थोबाडीत मारावीशीही वाटत होती.

मी ती पट्टी उपटली आणि बटण थेट लॅपटॉपला लावलं. बाबा पाहत होते. त्यांनी अंगठा बटणावर ठेवला.

"मला," लॅपटॉप म्हणाला. अक्षरं एकेक करून येत गेली.

"वेडा," लॅपटॉप म्हणाला. मग बऱ्याच वेळाने, "समजू नका."

बाईंनी डोळ्यांवरचा चष्मा काढला. दादा मटकन खाली बसला आणि बाबांच्या पायांवर डोकं ठेवून रडू लागला.

बाबांचा अंगठा पुन्हा चालू झाला. आम्ही सगळे पडद्याकडे बघत राहिलो.

"गाढवा," लॅपटॉप गोड आवाजात म्हणाला.