चौदा नंबर माझ्या पोटात

माझ्या पोटात काही राहत नाही, असं आमच्या घरातलं शेंबडं पोरही सांगेल. तरी एक गोष्ट मी चार महिने पोटात ठेवली होती, आणि तीही अगदी शब्दशः. ती बाहेर कशी आली, तेच सांगते.

मी जंतूंच्या प्रयोगशाळेत टेक्निशियन आहे. जंतू म्हटलं की लोक चार पावलं मागे सरकतात, पण आमचे जंतू सज्जन आहेत. माणसाच्या आतड्यात असे अब्जावधी भाडेकरू राहतात. भाडं म्हणून ते आतड्याच्या अस्तराला खाऊपिऊ घालतात आणि शरीराच्या पहारेकऱ्यांना समजावत राहतात, की बाबांनो, शांत राहा, ही घरचीच माणसं आहेत. काहींच्या पोटात समजावणारे कमी पडतात. मग पहारेकरी घरच्यांनाच बडवायला लागतात, आतडं सुजतं, रक्त पडतं. माझ्या दादाचं नेमकं हेच झालं होतं.

दादा बस चालवतो. म्हणजे चालवायचा. दोन तासांच्या रस्त्यावर तीनदा बस उभी करून धावत सुटणाऱ्या ड्रायव्हरला कोण ठेवणार? डेपोने त्याला चौकशीच्या खिडकीत बसवलं. सहा वर्षं माझा दादा लोकांना दुसऱ्यांच्या बसच्या वेळा सांगत होता. ते बघून माझा जीव तीळतीळ तुटायचा.

मग आमच्याकडे बारा पेशंटवर चौदा नंबरची चाचणी सुरू झाली. चौदा नंबर म्हणजे आमचा एक जंतू, एका ठणठणीत पोस्टमनच्या पोटातून काढलेला. त्याचं पातळ औषध दर सोमवारी आठवड्याच्या बाटलीतून पेशंटला जायचं. जादू वगैरे काही नव्हती. तिघांना काडीचाही फरक पडला नाही, दोघांना थोडा पडला. पण दादाचा सुजेचा आकडा अठराशेवरून दीडशेवर आला आणि तीन आठवड्यांपूर्वी तो परत बसवर चढला. मध्ये एकदा आठवडाभर औषध चुकलं होतं, तेव्हा पाचव्या दिवशी रक्त दिसलं होतं. म्हणून सोमवार म्हणजे सोमवार, त्यात मी कुणाचं ऐकत नसे.

आणि अशाच एका सोमवारी सकाळी मी फ्रीझर उघडला, तर आतून कोमट वास आला.

आमच्याकडे दोन फ्रीझर आहेत, म्हणजे एक बिघडला तर दुसऱ्यात साठा असावा. पण त्या आठवड्यात दुसऱ्यातला बर्फ खरवडायचा म्हणून आम्ही शहाण्यांनी सगळा साठा पहिल्यात ठेवला होता. पहिल्याचा भोंगा उठसूट वाजतो म्हणून मॅडमनी शुक्रवारी स्वतःच्या हाताने तो बंद केला होता. शनिवारी संध्याकाळी आम्ही घरी गेलो आणि फ्रीझर मुकाट्याने मेला. चौदा नंबर तर इतका नाजूक, की हवा लागली तरी मान टाकतो. साठ कुप्या होत्या, साठही मेल्या, आणि सोमवारसाठी शनिवारी भरून ठेवलेल्या बाटल्याही त्यातच गेल्या.

मॅडम म्हणजे आमच्या प्रमुख. त्या रागावल्या की आवाज खाली जातो. त्या दिवशी त्यांचा आवाज ऐकूच येईना. त्यांनी पोस्टमनला फोन लावला. तो बिचारा दाढदुखीवर दहा दिवस अँटिबायोटिक घेत होता, म्हणजे त्याच्या पोटातलं भाडेकरूंचं गाव साफ उठलं होतं. पेशंटच्या पोटातून घ्यावं, तर आजाऱ्याकडचं आजाऱ्याला द्यायचं नाही हा नियम. रविवारी सगळ्यांच्या बाटल्या संपल्या होत्या. मॅडम स्टुलावर बसल्या आणि हळूच म्हणाल्या, “संपलं.”

मला समोर दादाची खिडकी दिसायला लागली.

“मॅडम,” मी म्हटलं, “चौदा नंबर माझ्याकडे आहे.”

“कुठे?”

मी पोटावर हात ठेवला.

झालं होतं असं. बाटल्या भरून झाल्या की चंबूच्या तळाशी दोन चमचे उरतात. ते उकळून फेकायचे असतात. मी ते दर शनिवारी पिऊन टाकत होते. वास ओल्या मोज्यांचा, चव विचारू नका. प्रयोगशाळेत पाण्याचा घोटसुद्धा घ्यायला बंदी आहे, त्यामुळे नोकरी जाण्याइतका हा गुन्हा होता. मला ते पक्कं ठाऊक होतं आणि तरी मी प्यायले.

मॅडम म्हणाल्या, “परवाच्या शनिवारीसुद्धा?”

“शनिवारीसुद्धा.”

“तुझ्यावर कारवाई होणार. आणि तू ताबडतोब बाथरूममध्ये जाणार.”

इथून पुढे माझ्या आयुष्यातले सर्वांत मानाचे तीस तास सुरू झाले. कारण मी गेले आणि तशीच परत आले. आयुष्यात कधी बद्धकोष्ठ झालं नव्हतं, ते नेमकं तेव्हा झालं. बाहेर सात माणसं डबा घेऊन उभी आहेत म्हटल्यावर कुणाला होईल? जुलाबाचं औषध घेता येईना, त्याने मोजमाप बिघडलं असतं. मग सल्ल्यांना ऊत आला. हिशेबनीस बाईंनी पपई आणली. वॉचमननी गरम पाण्याचा थर्मास दिला, वर म्हणाले, “टेन्शन घेऊ नका ताई, सगळं तुमच्यावर आहे.” फ्रीझर दुरुस्त करायला आलेला मेकॅनिक काम सोडून मला उकिडवं कसं बसायचं ते दाखवत होता. मॅडम माझ्यासोबत व्हरांड्यात फेऱ्या मारत होत्या, आणि दर फेरीला विचारायच्या, “काही जाणवतंय?”

“लाज जाणवतेय,” मी म्हटलं.

त्या हसल्या. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यांचे दात दिसले. मग मलाही हसू फुटलं आणि आम्ही दोघी भिंतीला टेकून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसत सुटलो.

मंगळवारी दुपारपर्यंत तेच. दादाचा फोन आला, औषध कधी मिळणार म्हणून. मी म्हटलं, “मार्गावर आहे.” खोटं नव्हतं ते.

तीन वाजता प्रशासनाचे साहेब आले. माणूस असा, की चेहऱ्यावरची माशी हलत नाही. त्यांनी सगळ्यांसमोर मला लिफाफा दिला. कारणे दाखवा नोटीस, पानभर, खाली शिक्का. मी पहिली ओळ वाचली आणि माझ्या पोटात अशी कळ आली, की मी नोटिशीसकट धूम ठोकली. पपईने, पाण्याने आणि मेकॅनिकने जे जमलं नाही, ते साहेबांनी एका कागदात करून दाखवलं. डबा घेऊन बाहेर आले, तर सातही जणांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांना वाटलं टाळ्या त्यांच्यासाठी आहेत, त्यांनी किंचित मान झुकवली.

त्यानंतरचं काम मला करू दिलं नाही. मी काचेच्या पेटीबाहेर उभी राहिले. मॅडमनी पेटीच्या रबरी हातमोज्यांत हात घातले आणि बिनहवेच्या पेटीत माझा नमुना बशांवर पसरला. गुरुवारी सकाळी बशांवर ठिपके उगवले, टाचणीच्या डोक्याएवढे, सायीच्या रंगाचे. दुपारी जनुकांची तपासणी आली. चौदा नंबरच होता, शुद्ध, जिवंत, माझ्या कृपेने. माझा जीव भांड्यात पडला. रविवारी बाटल्या भरून तयार होत्या, एक साठा शेजारच्या इमारतीत ठेवला होता आणि फ्रीझरचा भोंगा चालू होता.

“आता शिक्षा,” मॅडम म्हणाल्या. “तीन महिने फक्त काच धुवायची. आणि औषध कुठून आलं हे सांगून प्रत्येक पेशंटची सही घ्यायची. अकरा जणांना मी सांगेन. तुझ्या दादाला तू सांगायचं.”

काच मी वर्षभर धुतली असती. हे अवघड होतं.

सोमवारी डेपोत गेले. दादा ड्रायव्हरच्या सीटवर बसून केळं खात होता. चेहरा ओढलेला होता. दोन दिवसांपासून पोटात कळा येत होत्या आणि आदल्या दिवशी थोडं रक्त दिसलं होतं, हे त्याने वहिनीलाही सांगितलं नव्हतं. मी बसच्या पायरीवर बसले आणि एका दमात सगळं बोलून टाकलं. फ्रीझर, पोस्टमनची दाढ, डबा, टाळ्या. मला वाटलं हा आता पोट धरून हसेल, जन्मभर मला चिडवेल. तो हसला नाही.

“चार महिने पीत होतीस?”

“हो.”

“का?”

“तुझ्या पोटात काय जातंय, ते मला आधी कळायला नको? त्यात काही वाईट असतं तर आधी मला झालं असतं. मग मी तुला ते देऊच दिलं नसतं.”

दादाने केळ्याचं साल नीट घडी घालून पिशवीत ठेवलं. “आणि तुला काही झालं असतं तर?”

खरं सांगते, हा प्रश्न मला चार महिन्यांत एकदाही पडला नव्हता.

त्याने माझ्या हातातून कागद ओढला, स्टिअरिंगवर ठेवून खसकन सही केली. डोळे पाण्याने भरले होते, त्यामुळे सही रेघ सोडून खाली गेली. मग बाटली उघडली, दिवसाचं माप झाकणात ओतलं, तोंड वाकडं करून प्यायला.

“शी. हे तू दर शनिवारी प्यायचीस?”

“हो.”

“एकटीने प्यायचं नाही आता. कळलं? जे व्हायचं ते दोघांना एकदम होऊ दे.”

“नियमात बसत नाही, दादा.”

“मग तुझ्या मॅडमना सांग, ड्रायव्हर ऐकत नाही म्हणून,” तो म्हणाला आणि त्याने गाडी सुरू केली.