पाच सुया आणि अर्धी टोपी

मी एक जुनी सुई आहे. कापड शिवायची नव्हे हो, लोकर विणायची. आम्ही पाच बहिणी, आणि त्यातली वाकडी ती मी. वाकडी म्हणून कुणाला माझी कीव करायची असेल, तर मित्रांनो, आत्ताच पान उलटा. मला कीव खपत नाही.

आमचा जन्म विणकामासाठी झालाच नव्हता. आम्ही एका मोटारसायकलच्या पुढच्या चाकाचे स्पोक होतो. शिरचिन नावाचा एक उंटवाला तरुण गोबी वाळवंटाच्या खडकाळ माळावरून ती मोटारसायकल अशी पळवायचा, की उंटसुद्धा मान वळवून बघत राहायचे. सेवजिद नावाच्या मुलीच्या डोळ्यांत भरावं म्हणून एके दिवशी त्याने तिच्या गेरसमोर, म्हणजे नमद्याच्या त्या गोल घरासमोर, ऐटीत वळण घेतलं आणि थेट दगडावर जाऊन आदळला. चाकाचा पार द्रोण झाला. सेवजिद बाहेर आली. पठ्ठ्याकडे तिने बघितलंच नाही, चाकाकडे बघितलं.

"हे स्पोक आता तुझ्या काय कामाचे? पाच काढून दे. आणि टोकं घासून दे, बोचता कामा नयेत."

शिरचिन तिथेच मांडी ठोकून दगडावर आमची टोकं घासत बसला. दोन दिवस घासत होता. खरं तर एका दिवसाचं काम होतं. तिसऱ्या दिवशी सेवजिदच्या वडिलांनी त्याला विचारलं, "घासायचं संपलं की लग्नाचं बोलायचं का?"

मग लग्न झालं आणि आमचे कामाचे दिवस सुरू झाले. वसंतात उंटांची लोकर सुटायला लागली की सेवजिद ती विंचरून घ्यायची, वरचे राठ केस वेचून टाकायची, मऊ लोकर टकळीवर कातायची. उरलेलं वर्ष आम्ही मोजे आणि टोप्या विणायचो. सगळी तयारी पांढऱ्या महिन्याच्या, म्हणजे आमच्या नववर्षाच्या सणासाठी. त्या दिवसांत दारी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला निघताना हातात काहीतरी भेट द्यावी लागते. लोक बाजारातून पाकीटबंद मोजे आणून ठेवायचे. सेवजिदच्या गेरमधून मात्र पाहुणा निघायचा तो आमचे मोजे घेऊन. शेजारचा चुल्तेम, शेजारचा म्हणजे दोन टेकड्यांपलीकडचा, सगळ्यांना पाय उचलून दाखवायचा, "हे बघा, नववा हिवाळा चाललाय. जोडा फाटला, मोजा फाटला नाही!"

एका हिवाळ्यात सेवजिदने शिरचिनसाठी टोपी विणायला घेतली होती. ती अर्धी झाली आणि सेवजिदला छातीत कफ झाला. तालुक्याच्या दवाखान्यात नेलं, तिथून ती परत आली नाही.

अर्धी टोपी आमच्या अंगावर तशीच राहिली. चौघींवर टाके आणि मी लोकरीच्या गुंड्यात खोचलेली. शिरचिनने आम्हाला पेटीत ठेवलं आणि झाकण लावलं. तीन वर्षं! मित्रांनो, अंधाराची आम्हाला भीती नाही. पण रिकामं बसायचं म्हणजे अंगाचा तिळपापड होतो. बाहेरून आवाज कमी कमी यायला लागले. पहिलं वर्ष दुःखाचं म्हणून सण नव्हता. दुसऱ्या वर्षी त्याने बाजारातले मोजे वाटले. ते एकदा धुतले की बाहुलीच्या मापाचे व्हायचे, असं चुल्तेम सांगत होता. तिसऱ्या वर्षी शिरचिनने सणाला दारच लावून घेतलं. आमच्याकडे पांढऱ्या महिन्यात दार लावणं म्हणजे काय, ते दारच्या कुत्र्यालाही कळतं: माणसाने माणसांकडे पाठ फिरवली.

शरद ऋतूत त्याची मुलगी यांजमा शहरातून आली. तिने गेरमध्ये नजर फिरवली. चूल थंड, चहाचं भांडं उपडं.

"आबा, आता पुरे झालं. पांढऱ्या महिन्यात आम्ही ट्रक घेऊन येतो. गेर उतरवू, उंट चुल्तेमकाकांच्या हवाली करू. तुम्ही आमच्याकडे चला. गरम खोली आहे, टीव्ही आहे."

आबा थंड चुलीतली राख उकरत राहिले.

"असे मुके बसू नका हो! जो माणूस सणाला पाहुण्याला दार उघडत नाही, त्याला मी या माळावर एकटं कशी ठेवू? मला झोप लागत नाही तिकडे!"

मग ती सामान आवरायला लागली. पेटी उघडली आणि आमच्या अंगावर उजेड पडला. तिने अर्धी टोपी उचलली. "लोकर किती छान आहे. उसवून गुंडाळून घेते," असं म्हणून तिने माझ्या थोरल्या बहिणीला टाक्यांतून ओढायला हात घातला.

"हात लावू नकोस!"

केवढ्याने ओरडला म्हणून सांगू! बाहेर बसलेले उंट उठून उभे राहिले. यांजमाही चिडली. "मग तुम्हीच पुरी करा ना! नुसती पेटीत ठेवून काय होणार आहे?"

"करीन."

"तुम्ही? विणणार?"

"टोपी करीन आणि मोजेही करीन. यंदा दार उघडं राहील. आलेला एकही पाहुणा हातात मोजे घेतल्याशिवाय जाणार नाही. तसं झालं तर मी इथून हलणार नाही. नाही झालं तर तुझा ट्रक आणि मी."

"शब्द?"

"शब्द."

आता एक गुपित सांगते. शिरचिन सात वर्षांचा असताना त्याची आई मोजे विणायची आणि टाच वळवायला त्याच्याकडे द्यायची. हात इतका साफ होता त्याचा! मग पोरं हसायला लागली, "बायकी, बायकी" म्हणून. त्याने सुया टाकल्या त्या टाकल्याच. साठ वर्षं झाली होती. हात मात्र विसरले नव्हते. त्याने टोपीचे टाके जपून एका दोरीवर उतरवले, टोपी तोंड खाली करून उंच जागी ठेवली, आणि आम्हा पाचजणींना हातात घेतलं. पहिल्या दिवशी त्याने चार वेळा उसवलं, पाच वेळा शिव्या घातल्या. संध्याकाळी टाच आली. ती टाच एका फटक्यात वळली. तो टाचेकडे बघत राहिला आणि स्वतःशीच हसला. तीन वर्षांत पहिल्यांदा.

पण बोटांपाशी आल्यावर त्याने घोटाळा केला. आमच्याकडचे जोडे तुम्ही पाहिलेत का? नाक वर वळलेलं असतं, आणि डावा-उजवा असा भेद नसतो. सेवजिदचे मोजे त्याने जन्मभर घातले, पण ते कायम जोड्याच्या आत! मोज्याचं नाक कसं असतं ते त्या शहाण्याने कधी नीट पाहिलंच नव्हतं, आणि आई तर त्याला फक्त टाचच द्यायची. जोडा वर वळतो, म्हणजे मोजाही वळायला हवा, असा हिशोब त्याने केला आणि मोज्याला मस्त वर वळलेलं नाक काढलं.

चुल्तेम चहाला आला. मोजा बघून चहा त्याच्या नाकात गेला.

"अरे शिरचिन, हा मोजा आहे का किटलीची चोच?"

"मोजा आहे."

"सेवजिदचे मोजे सरळ होते, बाबा!"

"सेवजिदचे होते. हे माझे आहेत."

"आणि म्हाताऱ्या, या वयात बायकांसारखा विणत बसतोस? लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. त्या पोरांना मी एकदा भ्यालो, साठ वर्षं वाया घालवली. आता घाबरायला वेळ कुणाला आहे? पाय पुढे कर."

चुल्तेमने हसत हसत मोजा चढवला, वरून जोडा घातला, दोन पावलं चालला आणि हसायचा थांबला. नाकापाशी जोड्यात जी गार पोकळी राहायची, ती भरून गेली होती. तो तसाच उंटावर बसून निघून गेला. मोजा घेऊनच गेला, लबाड! दुसऱ्या दिवशी सकाळी हजर. "दुसऱ्या पायाचं काय?"

झालं. त्या दिवसापासून शिरचिनला विणण्याचं वेड लागलं. लोकरीचा गुंडा अंगरख्याच्या छातीत, कमरेच्या पट्ट्याच्या वर, आणि आम्ही हातात. उंटाच्या दोन मदारींच्या मध्ये बसून तो विणत विणत उंट वळायचा. पुन्हा गुणगुणायला लागला. चूल पेटायला लागली, खारा चहा उकळायला लागला. आता माणूस विणायला बसला की भूकही लागते, त्याला कोण काय करणार!

अशाच एका दुपारी उंटाने ठेच खाल्ली आणि मी त्याच्या हातातून निसटून खाली पडले. मागून येणाऱ्या सांडणीचा पाय माझ्यावर. मी वाकले आणि खड्यांत रुतले. शिरचिन पुढे निघून गेला. मी तिथे पडल्या पडल्या म्हटलं, संपलं. स्पोक होते, सुई झाले, आता गंज होणार. खोटं कशाला बोलू, तेव्हा मला रडू आलं.

पण थोड्या वेळाने उंटाच्या पावलांवर पाऊल ठेवत, जमिनीला नाक लावून एक म्हातारा परत येताना दिसला. बरोबर चुल्तेम, तोंडाचा पट्टा चालूच. "अरे, चार सुयांवर काम होतं की! एका सुईपायी गुडघे फोडून घेशील."

"होतं चार सुयांवर."

"मग?"

"पण मी पाच घासल्या होत्या."

मी सापडले. त्याने मला दगडावर ठोकून सरळ करायचा प्रयत्न केला. पूर्ण सरळ काही मी झाले नाही. तेव्हापासून टाच वळवायला तो मलाच घेतो. त्या वळणावर माझा बाक बरोबर बसतो, असं त्याचं म्हणणं आहे. बहिणींना ते अजून सहन होत नाही.

सणाच्या आदल्या दिवशी, अमावास्येच्या सकाळी, बत्तीस जोड तयार होते, सगळे वर वळलेल्या नाकांचे. मग शिरचिनने दोरीवरची टोपी खाली काढली. त्याची कोल्ह्याच्या कातड्याची टोपी पार झडली होती आणि सणाला उघड्या डोक्याने नमस्कार घेता येत नाही. टाके पुन्हा आमच्यावर आले. सेवजिदची लोकर चार फेऱ्यांत संपली. तिचा धागा कसा रेशमासारखा, एकसारखा. त्याने कातलेला धागा गडद, आणि ठिकठिकाणी गाठीगाठींचा. दोन्ही जिथे जुळले तिथे टोपीभोवती चांगली ठळक रेघ उमटली. त्याने ती लपवायचा प्रयत्न केला नाही. एकेक टाका कमी करत शेंडा मिटवला, टोपी डोक्यावर चढवली आणि बराच वेळ दोन्ही हातांनी ती धरून बसला. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते पुसायला हात मोकळे नव्हते.

दुसऱ्या दिवशी दार उघडं होतं. मागच्या वर्षी बंद दारावरून परत गेलेले सगळे आले, आणि त्यांनी आणखी चौघांना आणलं. तळलेल्या पावांची पाच थरांची चळत, वाफाळलेले बूझ, म्हणजे मांसाचे उकडलेले मोदक, तपकिरीच्या कुप्यांची देवाणघेवाण. कुणीतरी मोज्याला हसलं की चुल्तेम लगेच अंगावर जायचा, "आधी घालून बघ, मग दात काढ!" निघणाऱ्या प्रत्येकाच्या हातात शिरचिन दोन्ही हातांनी जोड ठेवत होता. आम्ही पाचजणी त्याच्या अंगरख्यात, छातीशी, नव्या गुंड्यात खोचलेल्या. त्याचं काळीज किती जोरात उडत होतं, ते आम्हालाच ठाऊक. कारण ट्रक अजून यायचा होता, आणि बत्तीसातले तीस जोड संपले होते.

दुपारी ट्रक आला. जावई गाडी चालू ठेवूनच उतरला, थंडीत पुन्हा सुरू होणार नाही म्हणून. दोऱ्या, ताडपत्री, सगळं मागे तयार होतं. यांजमा आत आली आणि दारातच थबकली. तिने टोपीवरची ती रेघ पाहिली. तिच्या आईचा धागा तिने ओळखला. मग पुढे येऊन तिने सणाच्या रिवाजाप्रमाणे आबांच्या हातांखाली आपले हात धरले.

"आबा, सुखात आहात ना?"

"सुखात आहे. तू?"

तिने मान हलवली आणि चुलीजवळ बसली. लेक-जावई जेवले, चहा प्यायले. जावयाने चुळबुळ करत विचारलं, "मग... आधी छत उतरवायचं की पेट्या?"

शिरचिन उठला. शेवटचे दोन जोड घेतले. एक जावयाला दिला. दुसरा दोन्ही हातांवर ठेवून लेकीपुढे धरला.

"मला कशाला आबा? मी तर घरचीच."

"आज तू पाहुणी आहेस. आणि भेट हातात पडली की पाहुण्याने निघायचं असतं. जपून जा, खिंडीत बर्फ आहे."

यांजमाला शरदात दिलेला शब्द आठवला. मग हसली, मग रडली, आणि जोडे काढून तिथल्या तिथे मोजे पायांत चढवले. वर वळलेली नाकं बघून म्हणाली, "शहरात हे घालून मी कशी फिरू?"

"ताठ मानेने," आबा म्हणाले.

ट्रक रिकामा परत गेला.

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी हात जोडून सांगतात, आम्हाला जपा. मी मुळीच तसं सांगणार नाही. तीन वर्षं आम्हाला जपलंच होतं की, पेटीत! जपू नका, वापरा. वाकू द्या, झिजू द्या. तुमच्या घरात कुणाची अर्धी राहिलेली टोपी असेल, तर ती उसवू नका आणि आठवण म्हणून पुजूही नका. हातात घ्या आणि पुरी करा. तुमचा धागा जाडाभरडा असेल, रेघ दिसेल, लोक हसतील. दिसू द्या, हसू द्या.

आता मला वेळ नाही. चुल्तेमच्या दुसऱ्या जोडाची टाच आली आहे, आणि ती माझ्याशिवाय वळत नाही.