मायनस अठरा

“गो बाय, कल्ल्यात बोट घाल. डोळं फसवतील तुला, कल्ला नाय फसवायचा.”

राहीमावशीचा हा आवाज नम्रताच्या कानात पंधरा वर्षं राहून गेला होता. मिरकरवाड्याच्या धक्क्यावर वडिलांचं, आप्पांचं, बोट धरून ती उभी होती, सात वर्षांची. मावशीने बांगड्याचं गालफड उचलून धरलं होतं. आत लालभडक, बुळबुळीत. नम्रताने बोट घातलं आणि शहारून फ्रॉकला पुसलं. “किळस येते तुला? मग जेवताना नाय येत ती?” मावशी म्हणाली होती, आणि सगळा धक्का हसला होता.

आता किळस पुन्हा आली होती, पण मासळीची नव्हे.

मारुती मंदिराजवळ, जिना चढून वरच्या खोलीत यज्ञेश सरांचा क्लास चालायचा. सर मुंबईच्या एका कंपनीत चार वर्षं काढून परतलेले. धंद्याच्या आकड्यांतून अर्थ कसा काढायचा, ते तीन महिन्यांत शिकवू, असं त्यांनी पाटीवर लिहिलं होतं. सहा संगणक, त्यातले चार चालू. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं, “आलेख काढणं म्हणजे पान वाढणं. ते कोणीही करेल. खरं काम त्याच्या आधीचं. तांदूळ निवडायचे. खडा राहिला तर दात जाईल, आणि तांदूळच खडा समजून फेकलात तर उपाशी राहाल.” नम्रताला हे बोलणं फार आवडलं होतं. तिने ते वहीच्या पहिल्या पानावर उतरवलं होतं.

शेवटच्या महिन्यात प्रत्येकाला खरं काम मिळालं. नम्रताच्या वाट्याला कोळंबीचा कारखाना आला. तो मिळावा म्हणून आप्पांनीच शब्द टाकला होता. आप्पा तिथल्या शीतगृहाचे सुपरवायझर. दर दोन तासांनी काट्यावरचं तापमान वाचायचं आणि रजिस्टरात लिहायचं, एकोणीस वर्षं हेच काम. काम चांगलं झालं तर कारखान्याच्या ऑफिसात नम्रताला कायमची खुर्ची मिळणार होती. घरात ती मिळाल्यासारखीच बोलणी सुरू झाली होती.

प्रश्न साधा होता. मे महिन्यात परदेशातून कोळंबीच्या पेट्या नासल्या म्हणून परत आल्या. तीन नंबरच्या टेबलावर सोलणाऱ्या बारा बायकांचे हात अस्वच्छ होते असं ठरलं, आणि त्या बाराही जणींना काढलं. त्यांतलीच एक, टेबलाची मुकादम, राहीमावशी. आता नोव्हेंबर उजाडला होता, खरेदीदाराची माणसं यायची होती, आणि मॅनेजरला दोष कोणाचा ते दाखवणारं एक रंगीत चित्र हवं होतं.

रजिस्टरं आली ती गोणपाटात गुंडाळून. पानं ओलसर, कोपरे काळे, आणि सगळ्याला कोळंबीच्या टरफलांचा आंबूस वास. नम्रता नाकाला ओढणी लावून टाइप करत बसली. एकाच टेबलाला कोणी ‘३’ लिहिलेलं, कोणी ‘तीन नं.’, कोणी सरळ ‘राही’. ते सगळं तिने एकाखाली एक आणलं, दोनदा लिहिलेल्या पेट्या काढल्या, रिकाम्या जागा वेगळ्या ठेवल्या. पाच दिवस गेले त्यात. मग गोल आलेख काढला. परत आलेल्या पेट्यांचा जवळजवळ सगळा वाटा तीन नंबरच्या टेबलाचा निघाला; उरलेल्यांपुढे टेबलाचा नंबरच लिहिलेला नव्हता.

“झकास,” सर मागून म्हणाले. “त्याला लाल रंग दे. बाकीच्यांना फिकट निळा.”

तिने लाल दिला. पडद्यावर तो लाल तुकडा उघडलेल्या जबड्यासारखा दिसला आणि तिने पडद्यावरून नजर काढली. कारण आदल्याच दिवशी तिने राहीमावशीला पाहिलं होतं. बाजाराच्या कडेला सुकटाची टोपली घेऊन मावशी बसली होती आणि गिऱ्हाईक वळसा घालून पुढे जात होतं. “काय बघतास? हात बघतास काय माझे?” ती कोणालातरी म्हणत होती. “धुतलेत. तुझ्या पोटापेक्षा साफ हायत.” नम्रताही उन्हाची छत्री आडवी धरून पलीकडून निघून गेली होती. स्वतःच्या त्या छत्रीची तिला आता शिसारी आली.

तिने आलेख मोडला आणि पेट्या टेबलांऐवजी तारखांप्रमाणे मांडल्या.

सगळ्या नासक्या पेट्या दोनच दिवसांच्या होत्या. सतरा आणि अठरा मार्च. त्याच्या आधी काही नाही, नंतर काही नाही.

तिने हजेरीचं रजिस्टर ओढलं. त्या दोन दिवशी कारखान्यात एकच टेबल चालू होतं, तीन नंबरचं. शिमगा. दर्याकाठच्या बाया होळी झाली की दोन दिवसांत कामावर येतात. पण देवरूखकडच्या, लांज्याकडच्या गावांत होळीनंतर ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरते, आणि तिकडची माणसं पालखी घरी येऊन गेल्याशिवाय हलत नाहीत. दुसऱ्या टेबलांचा माल नासला नाही, कारण दुसरी टेबलं नव्हतीच.

जनरेटरचं रजिस्टर कोणी मागितलं नव्हतं. ते गठ्ठ्यात चुकून आलं होतं. जनरेटरवाल्या बाबूने वाकड्या अक्षरात लिहिलं होतं: ‘१७ मार्च, लाईट ११ ते ५ नाय. जनरेटर चालू होत नाय. मिस्त्रीला फोन.’ अठराला पुन्हा तेच. आधीच्या पेट्या गोठून दगड झालेल्या, त्या तरल्या; ताज्या भरलेल्या गोठल्याच नसणार.

आणि शीतगृहाचं तापमान? तिने वर्षभराच्या आकड्यांची रेघ काढली. रेघ जिवंत होती. मायनस सतरा, मायनस एकोणीस, झोपलेल्या माणसाच्या छातीसारखी हलकेच खालीवर. चौदा मार्चला मात्र ती थांबत होती. चौदा ते अठरा, दर दोन तासांनी, मायनस अठरा. मायनस अठरा. लाईट नसताना, जनरेटर बंद असताना, मायनस अठरा. पाच दिवस श्वास नव्हता.

अक्षर आप्पांचं होतं. सुबक, शाळामास्तराला शोभेल असं.

सतरा मार्चला पालखी त्यांच्या देवरूखकडच्या गावच्या घरात आली होती. आप्पांनी ती खांद्यावर घेऊन तासभर नाचवली होती. नंतर त्यांचा सुजलेला खांदा नम्रताने स्वतः गरम पाण्याने शेकला होता आणि आप्पा डोळे मिटून म्हणाले होते, “देव जड झाला गो यंदा.”

“तापमानाच्या त्या पाच दिवसांच्या ओळी उडव,” सर म्हणाले. पडदा बघून त्यांना कळायला वेळ लागला नाही. “जनरेटरचं रजिस्टर आपल्याला दिलंच नव्हतं असं समज.”

“तांदूळ निवडा म्हणाला होतात, सर.”

“तुझ्याच नोकरीचं बोलतोय मी.” ते खिडकीकडे वळले. “आणि मलाही पुढच्या वर्षी त्यांचीच कामं हवी आहेत.”

संध्याकाळी आप्पा मोरीत लिंबू लावून हात धूत होते. कारखान्यातून आल्यावर रोज धूत, कोपरापर्यंत. नम्रता दारात उभी राहिली.

“आप्पा, सतरा मार्चला कुठे होतात तुम्ही?”

“कामावर. आणि कुठे असणार?” त्यांनी वर पाहिलं नाही. लिंबाची फोड मात्र पुन्हा घासू लागले.

पानात तळलेले सौंदाळे होते. नम्रताने एक घास तोंडात घातला आणि तो पानाच्या कडेला काढून ठेवला. समोर आप्पा काटे नीट बाजूला काढत होते, त्याच सुबक बोटांनी. आजवर त्या बोटांनी काटे काढून दिलेला मासा तिने नेहमी न बघता खाल्ला होता. ती पानावरून उठली. “पोट बरं नाही काय?” त्यांनी विचारलं. ती हात धुवायला मोरीत गेली. पुढचे दोन दिवस ती त्यांच्यासोबत जेवायला बसली नाही.

शनिवारी मॅनेजरच्या केबिनमध्ये सगळे जमले. मॅनेजर खुर्चीत, सर संगणकापाशी, आप्पा दाराला टेकून उभे; शीतगृहाचं काही विचारायचं झालं तर असावेत म्हणून त्यांना बोलावलं होतं. सरांनी लाल आलेख उघडून ठेवला होता. नम्रताने तो बाजूला केला आणि रेघ उघडली.

आकडे पाठ होते. परत आलेल्या पेट्या कोणत्या तारखांच्या, त्या तारखांना टेबलं किती, लाईट किती वाजता गेली, सगळं तिने सांगितलं. रेघ कुठे थांबते ते दाखवलं. रजिस्टर कोणाच्या अक्षरातलं, एवढं मात्र तिच्या तोंडून निघेना. ते गिळताना तिला स्वतःचीच किळस आली.

मॅनेजर पडद्याजवळ वाकला. “आपलं तापमानाचं रजिस्टर बरोबर आहे,” तो म्हणाला. “एकोणीस वर्षांत त्यात खाडाखोड नाही. खोटं असेल तर ते जनरेटरचं. बाबू पितो. तारखा भलत्याच लिहिल्या असतील. त्याला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगा, आणि तो लाल आलेख लावा.”

सरांनी माऊसवर हात ठेवला. नम्रता आप्पांकडे बघत होती. तिने नजर काढली नाही आणि आप्पांनाही काढता येईना. त्यांनी दाराची चौकट धरली.

“साहेब, बाबूला हात लावू नका,” आप्पा म्हणाले. “त्याचं रजिस्टर खरं आहे. माझं खोटं. मी रजा न मांडता पालखीला गेलो होतो. पाच दिवसांचं मायनस अठरा मी तेराच्या दुपारी इथेच बसून लिहून ठेवलं. एकोणीसला परत आलो, तेव्हा माल अजून गेला नव्हता. राही माझ्याकडे आली. म्हणाली, आप्पा, पेट्यांना वास येतोय, पाठवू नका. मलाही येत होता वास. मी तिला म्हटलं, रजिस्टर बघ.”