खिशातला फ्यूज

सामायिक विहिरीवर वाद पेटला की इंदापूरकडचा माणूस आधी मोटारीच्या पेटीतला फ्यूज काढून खिशात घालतो, मग भांडायला उभा राहतो. फ्यूज खिशात आहे तोवर पाणी कुणाच्याच उसाला नाही. विजयसिंहांनी कॉम्प्युटरच्या खोलीवर हाच डाव टाकला.

ते शाळेच्या संस्थेचे उपाध्यक्ष. निमगाव केतकीच्या बाजाररस्त्याला तोंड असलेली ती कोरडी ठणठणीत खोली त्यांच्या डोळ्यांत कधीची भरली होती. तिथं मुलाला, यशराजला, पशुखाद्याचं दुकान थाटून द्यायचं होतं. आड येत होते जुने कॉम्प्युटर, आणि ते नववीच्या पोरींना शिकवणारी नकोशी.

नकोशी वरकुट्याची. घरात पूर्वी मेंढरं होती, आता शेती. पोरीवर पोर झाली म्हणून आजीनं हे नाव ठेवलं. पुढं शहाण्यासुरत्यांनी नाव बदल म्हणून सांगून पाहिलं, पण तिनं बदललं नाही. ज्यांना मी नको होते त्यांनीच जन्मभर मला हाक मारावी, असं तिचं म्हणणं. अशा बाईच्या वाटेला जाताना विजयसिंहांनी जरा विचार करायला हवा होता.

अध्यक्ष आप्पासाहेबांनी निवाडा दिला होता, "संस्थेच्या बैठकीच्या दिशी येक जरी मशीन चालू दिसलं तर खोली पोरींची. न्हायतर यशराजची."

त्यानंतर आठवडाभरात विजयसिंहांनी बारामतीहून माणूस आणून सगळ्या कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्क काढल्या आणि घरच्या कपाटात ठेवल्या. का, तर चोरीला जातील! नकोशीनं कॉम्प्युटरचे डबे उघडून पाहिले तेव्हा तिच्या अंगाचा तिळपापड झाला. पोरींच्या घरी मोबाइल भावाच्या हातात, लॅपटॉप फक्त लग्नात फोटोवाल्याकडं पाहिलेला. या खोलीला कुलूप लागलं तर नववीच्या पोरींनी कीबोर्डला बोट लावायचं कुठं?

पण विजयसिंहांना एक ठाऊक नव्हतं. मोटार फ्यूजवाचून चालत नाही, कॉम्प्युटर मात्र हार्ड डिस्कवाचून चालतो. सीडी घातली की तिच्यावरूनच लिनक्स, म्हणजे विंडोजसारखीच पण फुकटची प्रणाली, सुरू होते. आणि तशी सीडी आपल्या मनासारखी बनवायला आज्ञा पाठ कराव्या लागत नाहीत. पडद्यावर एक खिडकी उघडते, यादी दिसते. हवं त्यावर खूण ठेवायची, नको त्याची काढायची.

नकोशीनं आपला लॅपटॉप वर्गात उघडला आणि माउस पोरींच्या हातात दिला.

"सगळं मावणार न्हाय. काय ठेवायचं ते तुमीच ठरवा."

मग काय, बाजार भरला. कुणाला चित्रं काढायची होती, कुणाला टायपिंग हवं होतं. पत्त्यांच्या खेळावरून तर दोघी दिवसभर बोलल्या नाहीत. नकोशीनं स्वतः एकच खूण केली: सुरू होताना सगळं मेमरीत उतरून घ्यायचं. जुन्या यंत्रात सीडी सारखी फिरत राहिली की कासवगती होते.

पोरींतल्या स्वरालीला काटकसर भारी. वाचता न येणाऱ्या परक्या लिप्यांचे फॉन्ट तिनं भराभरा काढले आणि त्या झपाट्यात देवनागरीही गेली. पहिली सीडी सुरू झाली तेव्हा पडद्यावर मराठीच्या जागी नुसते चौकोन. पोरी पोट धरून हसल्या. ती सीडी स्वरालीच्या वडिलांनी डाळिंबात पाखरं हाकलायला टांगली आणि पोरींनी दुसरी बनवली. फोटोवाल्याकडं कोऱ्या सीड्या धूळ खात पडलेल्या होत्या, त्यामुळं नकोशी एका प्रतीवर थांबली नाही.

बैठकीच्या दिवशी पोरी दप्तरं घेऊन खोलीत हजर होत्या. विजयसिंह पांढऱ्या कपड्यांत, मुलाला घेऊनच आले.

"आप्पा, मशीनं मेल्यात. उगं वेळ कशाला घालवायचा?"

पहिल्या कॉम्प्युटरचं बटण दाबून नकोशीनं सीडी आत सरकवली.

"ही तर पाखरं हाकलायची चकती," यशराज फिदीफिदी हसला.

पंचाईत अशी, की जुनं यंत्र फार वेळ घेतं. पडदा काळाच. मग मधोमध अक्षरं उमटली, स्वच्छ मराठीत: 'या, बसा.' आप्पासाहेबांनी चष्मा वर केला.

"चालू झालं की रं!"

विजयसिंहांचा चेहरा उतरला. पण जित्याची खोड. ते पुढं झाले, यंत्राचं बटण दाबलं, सीडी बाहेर आली तशी त्यांनी ती काढून खिशात घातली. पडदा तसाच; सगळं आधीच मेमरीत उतरलेलं. प्रगतीनं माउस हलवला, चित्राची खिडकी उघडली आणि ऐटीत एक बैल काढायला घेतला.

"फ्यूज खिशात गेला तरी मोटार चालूच हाय, विजयसिंह," आप्पासाहेब म्हणाले.

मग मात्र विजयसिंहांचा तोल सुटला. त्यांनी वायरच उपटली. बैल अर्धाच राहिला, पडदा मेला.

"आता? कुठं हाय चालू?"

नकोशी त्यांच्या डोळ्यांत डोळे घालून उभी राहिली आणि म्हणाली, "पोरींनो, बसा आपापल्या जागेवर."

दप्तरांच्या चेनी उघडल्या. प्रत्येकीनं आपली सीडी काढली. घरच्या भांड्यांवर असतं तसं प्रत्येकीवर मार्करनं नाव घातलेलं. प्रगती, स्वराली, सारजा, सगळ्या. बटणं दाबली गेली, खोलीभर पंखे घरघरले.

स्वराली विजयसिंहांकडं मान वर करून म्हणाली, "दादा, खिसा केवढा हाय तुमचा?"

एरवी वडीलधाऱ्याशी असं बोललेलं नकोशीनं खपवून घेतलं नसतं. त्या दिवशी तिनं पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि उपटलेली वायर पुन्हा जागेवर बसवली.