मगातलं रबर

लोक त्याला थंडोबा म्हणायचे. स्वभावावरून नव्हे हो, धंद्यावरून. माणूस तसा चांगलाच तापट. गाड्यांचे एसी दुरुस्त करायचा, आणि कुणी आल्या आल्या ‘जरा गॅस भरून द्या’ म्हटलं की त्याचं डोकंच फिरायचं. ‘गॅस काय गाडीनं पिऊन टाकला? गेला म्हणजे कुठून तरी गेला. आधी गळती शोधू, मग भरू!’ असं गिऱ्हाइकाच्या तोंडावर सुनावायचा. त्याची थोरली बहीण, ताई, हे सगळीकडे कौतुकानं सांगत फिरायची. माझ्या भावाच्या कामात खोट काढून दाखवा, म्हणायची. आई गेल्यावर त्याला तिनंच वाढवलं होतं आणि ‘लक्ष कुठे असतं रे तुझं?’ हे त्यानं तिच्याकडून उठता-बसता ऐकलं होतं. त्यामुळे आताचं हे कौतुक म्हणजे त्याला सोन्याहून जास्त होतं.

ताईचा नवरा भाड्याची गाडी चालवायचा. त्या गाडीचा एसी उन्हाळाभर बंद होता, शेवटी भाऊजी ती थंडोबाकडे घेऊन आले. गळती निघाली नेमकी आतल्या कूलिंग कॉइलला. म्हणजे अख्खा डॅशबोर्ड उतरवणं आलं. थंडोबा दिवसभर पुढच्या सीटवर उलटासुलटा होऊन राबला. नवी कॉइल बसवली, पंप लावून पाइपातली हवा नि ओल खेचून काढली, दाबाचा काटा अर्धा तास जागचा हलला नाही तेव्हा कुठे गॅस वजन करून भरला. कामात त्यानं कुचराई केली असं कुणी म्हणू नये.

आता या कॉइलचे पाइप इंजिनाकडून आत येतात तिथे पत्र्याला मुठीएवढं भोक असतं. ते बुजवायला एक जाड रबर असतं. जुनं झालं की ते दगडासारखं कडक होतं, मग गरम पाण्यात टाकून ठेवायचं, मऊ पडलं की इंजिनाच्या बाजूनं बोटानं दाबून बसवायचं. थंडोबानं ते मगात टाकलं, वर गरम पाणी ओतलं आणि तो मग खिडकीत ठेवून दिला.

तेवढ्यात भाऊजी आले. एसी लावला आणि हा गार झोत! भाऊजी जाळीला तोंड लावून लहान मुलासारखे बसून राहिले. ‘अरे, स्वेटर आण रे कुणीतरी!’ म्हणाले. थंडोबाही हुरळून गेला. डॅशबोर्ड तर केव्हाच चढवला होता, आता काय राहिलंय? नाही म्हणायला एवढं बोलला, ‘भाऊजी, तुमचा सायलेन्सर इंजिनापाशीच फुटलाय. फटफट ऐकू येतेय. ते काम माझं नाही, पण करून घ्या.’

‘करू रे, पुढच्या आठवड्यात,’ असं म्हणत भाऊजी गाडी घेऊन गेलेसुद्धा.

दुसऱ्या दिवशी पाऊण वाजता थंडोबानं हात धुवायला मग उचलला आणि तळाशी रबर दिसलं. ते भोक उघडं, फुटलेला सायलेन्सर त्याच्यापासून वीतभर अंतरावर, म्हणजे विषारी धूर सरळ गाडीत, आणि भाऊजींची झोपेची वेळ. साडेबाराला ते गाडी भिंतीच्या सावलीत लावून तासभर डोळा लावायचे. इतके दिवस काचा उघड्या ठेवून झोपायचे. आज एसी होता, म्हणजे काचा बंद आणि इंजिन चालू.

फोन लावला. वाजत राहिला. झोपताना भाऊजी फोन मुका करून ठेवायचे. पुन्हा लावला, पुन्हा लावला.

मग ताईचं नाव समोर आलं. ती औषधाच्या दुकानात काउंटरवर असायची आणि भाऊजींची ती भिंत त्याच दुकानाची मागची भिंत होती. मागच्या दारानं पन्नास पावलं. अंगठा तिच्या नावावर होता, आणि या बाबानं तो दाबला नाही! का, तर तिला कळलं असतं. आपण स्वतःच जावं, भाऊजींना उठवावं, गुपचूप रबर बसवावं, ‘कूलिंग बघायला आलो’ म्हणावं. एवढ्यात काय होतंय, असं त्यानं स्वतःला सांगितलं आणि स्कूटरला किक मारली.

वीस मिनिटं लागली. वाटेत प्रत्येक सिग्नलला त्यानं आणखी एकदा भाऊजींनाच फोन लावला.

गाडी चालूच होती. काचांवर बाहेरून दव धरलं होतं, इतकी ती आत गार झाली होती. भाऊजी सीट मागे पाडून पडले होते, चेहरा लालबुंद, कधी नव्हे इतका टवटवीत. थंडोबानं दगडानं काच फोडली. गार वाऱ्याबरोबर धुराचा वास बाहेर आला. त्यानं त्यांना हाका मारल्या, गालावर मारलं, छाती दाबली, आणि आवाज ऐकून मागच्या दारातून ताई धावत आली.

दवाखान्यात डॉक्टरांनी फार वेळ घेतला नाही. अर्धा तास आधी आणलं असतं तर प्रयत्न करता आला असता, एवढंच म्हणाले.

ताई बाकावर बसली होती. भाऊजींचा फोन कुणीतरी तिच्या हातात दिला होता.

‘तुझे नऊ कॉल आहेत,’ ती म्हणाली. ‘पाऊण वाजल्यापासून. काय काम होतं?’

खोटं बोलायची संधी होती. पण निदान तेवढं त्यानं केलं नाही. भोक, मगातलं रबर, सगळं सांगितलं. सांगताना त्याला हुंदके आवरेनात, तरी सांगितलं.

‘आणि मला का नाही केलास रे फोन? मी भिंतीपलीकडे होते.’

‘तू रागावशील म्हणून,’ तो म्हणाला.

ताई रागावली नाही.

‘पाऊण वाजता मी रिकामीच बसले होते,’ ती म्हणाली. ‘एक गिऱ्हाईक नव्हतं दुकानात.’