द्रासची डेटलाइन

धुळ्याच्या शोकसभेत सहाव्या वक्त्यापर्यंत प्रेमराजनाना चार खिंडींत उभे राहून झाले होते. गिरधर मोजत होता. एकानं त्यांना तोफेशेजारी उभं केलं, दुसऱ्यानं बंकरमध्ये झोपवलं, तिसऱ्यानं तर जखमी जवान पाठीवर घेऊन डोंगर उतरायला लावला. नानांची पाठ जन्माची दुखरी. दैनिकाच्या जळगावच्या कचेरीत ते याच तिसऱ्याच्या खुर्चीतली उशी रोज पळवायचे, तरी बोलला.

गिरधर दोनदा पाणी प्यायला उठला, एकदा उगीच बाहेर चप्पल बघून आला. अंगात मुंग्या भरल्यात का रे, असं शेजारी बसलेल्या रहीमभाईंनी, कचेरीतल्या जुन्या फोटोग्राफरनं, विचारून घेतलं. गिरधरच्या मांडीवर नानांवरच्या पुस्तिकेचं प्रूफ होतं. नानांची मुलगी हेमांगी हिनं सकाळीच ते दिलं होतं. नानांची प्रत्येक बातमी तुमच्या हाताखालून गेली, हेही तुम्हीच तपासा, चार वाजता छापायला जातंय, म्हणाली. मुखपृष्ठावर नाव होतं, 'द्रासहून प्रेमराज'.

नाना द्रासला कधी गेलेच नव्हते.

कचेरीत हे तिघांनाच ठाऊक होतं. त्यातले संपादक कधीच वारले, नाना परवा. राहिला गिरधर.

नव्व्याण्णवला कारगिलची लढाई पेटली तेव्हा दैनिकानं नानांना काश्मीरला धाडलं. ते फोनवर मजकूर सांगायचे, डेस्कवर गिरधर उतरवून घ्यायचा. त्या दिवशी गोळीबाराचं अंगावर काटा आणणारं वर्णन सांगून झालं आणि लाइन कटली. धुळ्याची आवृत्ती आधी सुटायची, गाडी दारात हॉर्न देत होती. डेटलाइन, म्हणजे बातमी पाठवली त्या गावाचं नाव, विचारायचं राहिलं. वर्णन द्रासचं, म्हणून गिरधरनं वर 'द्रास' टाकलं. मोकळी जागा उपसंपादकाला बघवत नाही.

नाना परतले तेव्हा स्टेशनावर बँड उभा होता. गळ्यातल्या हारासकट ते थेट गिरधरच्या टेबलाशी आले. अंकातल्या 'द्रास'वर बोट ठेवून "हाई खोटं शे, गिरधर," एवढंच म्हणाले आणि उभ्यानं चार ओळींचा खुलासा लिहून दिला. संपादक म्हणाले, बघू. गिरधरनं तो पुढच्या अंकासाठी बाजूला ठेवला, आणि तसे पुढचे अंक पुष्कळ निघाले. नानांनी तीनदा विचारलं. मग म्हणाले, आता खरं सांगितलं तर तीही फुशारकी वाटेल. त्यानंतर त्यांनी लढाईवर चकार शब्द काढला नाही, सत्कार नाकारले. लोकांनी त्याला विनय म्हटलं.

परतीची चाळीसगावची बस साडेतीनची होती. 'ठीक' लिहून सही केली असती तर गिरधरला सहज मिळाली असती. सव्वातीनला त्यानं हेमांगीला व्हरांड्यात गाठलं आणि सगळं एका दमात सांगून टाकलं.

तिनं विचारलं, "मग नाना होते कुठं?"

"श्रीनगरला, लष्कराच्या हॉस्पिटलात. एकोणीस दिवस. भडगावचा धनसिंग म्हणून जवान होता, पाय गेलेला. त्यानं सांगितलं ते नानांनी मला सांगितलं. त्याची घरी जाणारी पत्रंही नानाच लिहायचे."

"हॉस्पिटलात," हेमांगी म्हणाली. "काका, आई सात आठवडे दवाखान्यात होती. नाना गेटपर्यंत यायचे, डबा वॉचमनकडे द्यायचे अन् माघारी. बंकरमध्ये झोपणाऱ्याला बायकोच्या खाटेशी बसवत नाही, असं मी त्यांना भर अंगणात बोलले. चार लोकांसमोर. तरी ते बोलले नाहीत."

आत टाळ्या पडल्या.

हेमांगीनं प्रूफ ओढून घेतलं, मुखपृष्ठावरच्या नावावर रेघ मारली आणि पेन त्याच्यापुढं धरलं. पहिल्या पानावर खुलासा लिहा म्हणाली, आणि गाव कुणी टाकलं तेही. गिरधरनं सवयीनं 'कार्यालयीन नजरचुकीने' असं लिहिलं. तिनं त्यावर बोट ठेवलं. त्यानं ते खोडून स्वतःचं नाव लिहिलं, आडनावासकट.

तिनं दोनदा वाचलं. "तो धनसिंग आहे का अजून? मला विचारायचंय, नाना त्याच्याजवळ कसे बसायचे ते."

गिरधरला माहीत नव्हतं. सव्वीस वर्षांत त्यानं चौकशीच केली नव्हती. बघतो, म्हणत त्यानं मोबाइल काढला आणि भडगावात आपल्या ओळखीचं कोण उरलंय ते आठवत व्हरांड्यात येरझाऱ्या घालू लागला.