बारापैकी बारा

युद्धाच्या तिसऱ्या वर्षी संशोधन केंद्राने सुरुंग शोधणारं यंत्र तयार केलं आणि प्रत्येक चाचणीत ते बारापैकी बारा सुरुंग शोधू लागलं. याचं मुख्य कारण असं की, चाचणीच्या पट्ट्यात पुरलेले बारा खोटे सुरुंग युद्धाच्या आधीपासून त्याच बारा जागी होते. त्यांच्यावरचं गवतही पिवळं पडलं होतं. ते हलवायचे तर अर्ज करावा लागे. अर्ज मोठ्या साहेबांकडे जाई आणि तिथेच राही.

यंत्र चालवायचा तो केंद्रातला जुना कारागीर; सगळे त्याला उस्ताद म्हणत. लांब दांडा, टोकाला चकती, मुठीजवळ एक चाक. चाक वर केलं की यंत्राचा कान तिखट होतो. फारच वर केलं तर ते साध्या मातीवरही किंचाळतं. पिवळं गवत आलं की उस्तादचा अंगठा आपोआप चाकावर जाई. तो लबाड नव्हता. लबाड माणसाला निदान आपण काय करतोय ते माहीत असतं.

नोंदी ठेवणाऱ्या बाईंना हा अंगठा दिसला तो अकराव्या चाचणीला. त्यांचा धाकटा भाऊ आघाडीवर सुरुंग काढणाऱ्या तुकडीत होता. पोटावर पडून, लोखंडी सळई मातीत तिरकी खुपसत, दिवसाला साठ-सत्तर पावलं. त्याच आठवड्यात त्याचं पत्र आलं. ‘ताई, तुमचं मशीन येतंय म्हणे. इथली पोरं सळया फेकायला टपून बसलीत. मी सांगून ठेवलंय, आमच्या ताईने तपासलंय, डोळे मिटून चाला.’

बाई साहेबांकडे गेल्या.

“साहेब, खोटे सुरुंग दुसऱ्या जागी पुरून एकदा पाहू या.”

“कशाला?”

“शत्रू काही आपल्याला जागा विचारून पुरत नाही.”

“बाई, परवा समिती येतेय. ऐन वेळी काड्या घालू नका. आणि तुमचा भाऊ तिकडेच आहे ना? अभिमान वाटायला हवा तुम्हाला!”

साहेबांना अभिमान फार चटकन वाटे, विशेषतः दुसऱ्याच्या भावाचा.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत बाईंनी बाराही खोटे सुरुंग दोन-दोन हात डावीकडे सरकवले. कोठार सांभाळणारे काका फावडं घेऊन मदतीला आले. त्यांनी कारण विचारलं नाही. गवताचे तुकडे मात्र दोघांनी होते तसे परत बसवले.

समिती आली. तिघे होते. बूट खराब होऊ नयेत म्हणून पट्ट्याच्या कडेने फळ्या टाकल्या होत्या. उस्ताद छाती काढून चालू लागला. पिवळं गवत आलं, अंगठा गेला, यंत्र किंचाळलं. असं बारा वेळा झालं. टाळ्या पडल्या. समितीतल्या सर्वांत वयस्कर गृहस्थांनी विचारलं, “आवाज जरा मंजूळ करता येईल का?”

“आता खणून पाहू,” बाई म्हणाल्या.

सगळे त्यांच्याकडे वळले. इतक्या चाचण्या झाल्या, पण खणून पाहायची पद्धत केंद्रात नव्हती. कुणाच्या डोक्यातही ते आलं नव्हतं.

काकांनी पहिला खड्डा खणला. माती. दुसरा. माती. पाचव्याला समितीतले एक जण घड्याळ बघू लागले. मग काकांनी दोन हात डावीकडे फावडं मारलं आणि खोटा सुरुंग उचलून फळीवर ठेवला. उस्ताद यंत्राकडे असा बघत राहिला, की जणू घरचंच कुत्रं चावलं.

मोठ्या साहेबांनी क्षणभर रिकाम्या खड्ड्यात पाहिलं. त्या वर्षातलं त्यांचं संशोधन म्हणजे तो क्षण.

“मंडळी,” ते म्हणाले, “हे आमच्याही कल्पनेपलीकडचं आहे. सुरुंग काढून नेला तरी तो कुठे होता, हे यंत्र सांगतंय!”

“म्हणजे गेलेला सुरुंगसुद्धा?” वयस्कर गृहस्थ हरखले.

“गेलेलासुद्धा.”

“आणि असलेला?” बाईंनी विचारलं.

“तो प्रश्नच नाही. बारापैकी बारा. नोंदवही तुमच्याच अक्षरात आहे, बाई.”

ते खरं होतं. अकरा चाचण्या बाईंनीच मान खाली घालून नोंदवल्या होत्या. समितीने ‘अपेक्षेहून अधिक क्षमता’ असा शेरा मारला, दोनशे चाळीस यंत्रांना मंजुरी दिली आणि ती चहाला गेली.

भावाला पत्र लिहून उपयोग नव्हता. आघाडीवर जाणारी पत्रं फोडली जात आणि शस्त्रसामग्रीबद्दल एक ओळ दिसली तरी पान काळं होई. महिन्याने पेट्या भरल्या गेल्या. पेटीच्या झाकणाला आतून चाचणीचं कार्ड चिकटवायचं असतं, तपासणाऱ्याच्या हाताने लिहिलेलं, म्हणजे सैनिकाला भरवसा वाटतो. साहेबांनी कोऱ्या कार्डांचा गठ्ठा बाईंच्या टेबलावर ठेवला.

“उद्या दुपारपर्यंत हवीत. मजकूर नेहमीचाच.”

दुसऱ्या दुपारी साहेबांनी गठ्ठा पत्त्यांसारखा फर्रकन उलगडून पाहिला. प्रत्येक कार्डाखाली सही होती. सहीच्या वरचं वाचायची सवय त्यांना नोकरीभर लागली नव्हती. “बघा, जमलं ना?” असं म्हणून ते स्वतःच्या सत्काराला गेले.

बाई गठ्ठा घेऊन कोठारात आल्या. काकांनी डिंक काढला, पहिलं कार्ड हातात घेतलं आणि थांबले. कार्डावर लिहिलं होतं: ‘हे यंत्र सुरुंग शोधत नाही. सळया फेकू नका. चाचणी खोटी होती. ती मी नोंदवली.’

“पोरी, खाली सही आहे तुझी. उचलून नेतील.”

“नेतील.”

“मग दोनशे चाळीस कशाला? भावाच्या पेटीत एक घाल. बाकीच्यांत नेहमीचं लावू.”

“त्याच्याकडे कुठली पेटी जाणार, तुम्हाला ठाऊक आहे का काका?”

काकांनी ओळीने मांडलेल्या पेट्यांकडे पाहिलं. सगळ्या सारख्याच होत्या.

“दार लोटून घे,” ते म्हणाले आणि पहिल्या झाकणाला डिंक लावू लागले.